जबड्याचा सांधा दुखतो, तोंड उघडत नाही : उपचार कोणता, कोणाकडे आणि कधी?



या पत्रिकेत आम्ही बहुतेक वेळा बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणी यांवरच लिहितो. पण ऊस पिकवणारा माणूस धड असेल तरच पीक धड, म्हणून मधून मधून आरोग्याचाही एखादा विषय घेतो. या अंकात घेतला आहे जबड्याच्या सांध्याचा विषय.

दुखणे नवे नाही, पण त्याची वाट बहुधा चुकते. मोताळ्याच्या बाजाराला आलेला माणूस सांगतो, "कानाजवळ ठणकतं, भाकर चावता येत नाही." त्यावर कोणी म्हणतो, कानात तेल घाल. कोणी म्हणतो, दाढ किडली असेल, काढून टाक. कोणी हाडवैद्याकडे नेऊन जबडा 'बसवून' आणतो. कानात तेल घालून होते, दाढ जाते, पैसा जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते. पैसा पुढच्या हंगामात येईल. गेलेली चांगली दाढ काही परत येत नाही.

म्हणून सुरुवातीलाच मुद्द्याचे सांगून टाकतो. जबड्याच्या दुखण्यात आधी कारण ठरवावे, मग उपचार घ्यावा. आणि उपचार घेताना, ज्याने झालेला बदल मागे फिरवता येतो तो आधी, जो मागे फिरत नाही तो अगदी शेवटी. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळते.

सांधा चालतो कसा

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडझाप करून पाहा. बोटाखाली काही तरी हलते. तोच हा सांधा. डावीकडे एक, उजवीकडे एक. खालच्या जबड्याच्या हाडाचा गोल माथा कवटीच्या खोबणीत बसतो, आणि दोहोंच्या मध्ये एक चिवट गादी असते. यंत्रात दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये बुश घालतात ना, तसेच समजा.

या सांध्याचे वैशिष्ट्य असे की तो दोन तऱ्हेने चालतो. तोंड थोडे उघडले की दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. जास्त उघडले की टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. शिवाय डावा आणि उजवा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे दोघांना बरोबरच चालावे लागते, जसे एका जुवाखालचे बैल. एक अडला की दुसऱ्यावर ताण येतो.

सांध्याला हलवणारे स्नायू गालात आणि कानशिलात असतात. दात आवळा आणि कानशिलावर हात ठेवा, स्नायू फुगलेला लागेल. जबड्याच्या दुखण्यात पुष्कळ वेळा सांध्याचे हाड निरोगी असते आणि दुखत असतात हे स्नायू. अशा वेळी दाढ काढून काय उपयोग?

दुखते कशामुळे

संकटात माणूस दातओठ खातो, असे आपली भाषाच सांगते. ते नुसते म्हणण्यापुरते नाही. काळजीत असलेला माणूस दिवसभर नकळत दात आवळून बसतो. काही जण रात्री झोपेत करकरा दात खातात. उसाची मोळी उचलताना, पाण्याचा पाइप ओढतानाही दात आवळले जातात. जेवताना सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचे कारण नाही. ते तासन् तास लागून राहिले की स्नायू थकतात, ठणकतात.

दुसरे कारण म्हणजे सवयी. एकाच बाजूने चावणे, गाल हातावर टेकून बसणे, सुपारी फोडणे, दाताने ऊस सोलणे. आपल्याकडे ऊस खाणे म्हणजे कौतुकाची गोष्ट, आणि ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण जबडा दुखत असताना कांडे दाताने सोलणे म्हणजे मुरगळलेल्या पायाने नांगर धरणे. तिसरे कारण मार लागणे, आणि चौथे संधिवात.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो, आणि बहुधा ऐन कर्त्या वयात. घरातली बाई "डोकं दुखतंय, कान दुखतोय" म्हणते आणि कामाला लागते. तिच्याकडे लक्ष द्या, एवढीच विनंती.

आता आवाजाविषयी. तोंड उघडताना 'कट' असे वाजते, त्याने पुष्कळ लोक घाबरतात. गादी जागेवरून थोडी पुढे सरकलेली असते आणि हाडाचा माथा तिच्यावर चढताना हा आवाज होतो. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड पुरते उघडते, तर बहुधा कोणताच उपचार लागत नाही. आवाजासाठी कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर "थांबा" म्हणावे. मात्र पूर्वी वाजणारा सांधा एकाएकी वाजेनासा झाला आणि तोंड अर्धेच उघडू लागले, तर गादी अडकली आहे असे समजून लवकर दाखवावे.

दातांवरच दोष का येतो

याला थोडा इतिहास आहे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी काही थोड्या रुग्णांवरून असे मांडले की दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यामागे दाब येतो आणि त्यातून कान व जबडा दुखतो. मग दातांची उंची वाढवणे, दात घासून जुळवणे, तारा बसवणे असे उपचार सुरू झाले. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी तपासले तेव्हा कॉस्टेन यांनी दिलेले कारण टिकले नाही. १९६९ साली डॅनियल लॅस्किन यांनी ताणाने थकलेल्या स्नायूंकडे बोट दाखवले. पण दात जुळवले की जबडा सुधारतो ही समजूत अजून पुरती गेलेली नाही.

याहून वाईट प्रकार १९८० च्या दशकात झाला. अमेरिकेत हजारो रुग्णांच्या सांध्यातली गादी काढून तेथे टेफ्लॉन घातलेली कृत्रिम गादी बसवली गेली. चावण्याच्या दाबाने तिचे बारीक तुकडे झाले आणि त्यांच्यामुळे आजूबाजूचे हाड खाल्ले गेले. १९९०-९१ मध्ये तिथल्या सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा देऊन त्या गाद्या बाजारातून हटवाव्या लागल्या. कित्येकांचे दुखणे मूळच्यापेक्षा वाढले. या अनुभवातून शहाणपण आले. २०१० साली अमेरिकेतील दंतसंशोधकांच्या संघटनेने आपले धोरण जाहीर केले की खास कारण नसेल तर या दुखण्यात आधी सौम्य आणि मागे फिरवता येणारेच उपचार करावेत. आमचा वरचा मुद्दा तोच आहे.

पहिले उपचार : घरचे आणि डॉक्टरांचे

स्नायूंचे आणि सांध्याचे साधे दुखणे काही आठवड्यांत पुष्कळांचे आपोआप किंवा थोड्या काळजीने उतरते. काय करावे ते सांगतो.

१. "ओठ मिटलेले, दात सुटे" हा मंत्र दिवसातून दहा वेळा आठवावा. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकवावी आणि जबडा सैल सोडावा. विहिरीवर, मोटारसायकलवर, हिशेब करताना, जिथे आठवेल तिथे.

२. दोन-तीन आठवडे मऊ खावे. वरण-भात, खिचडी, बेसन, दुधात चुरलेली भाकर. फुटाणे, हुरडा, सुपारी, ऊस लांब ठेवावेत. दोन्ही बाजूंनी चावावे.

३. गाल आणि कानशीलाला कोमट ओल्या फडक्याचा शेक दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटे. चटका बसेल इतका गरम नको.

४. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे जबडा ताडकन उघडत नाही.

५. डॉक्टर सांगतील तसे तोंड हळूहळू उघडण्या-मिटण्याचे व्यायाम करावेत. जोर लावून, कळ काढून व्यायाम करू नये.

६. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, ठराविक दिवसच घ्यावी. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असेल तर ते आधी सांगावे. दुकानातून आणून महिनोन्‌महिने गोळ्या खाणे हा उपचार नव्हे.

एवढ्याने उतार पडला नाही तर दंतचिकित्सक दातांचे माप घेऊन प्लास्टिकची कडक पट्टी बनवून देतात. ती रात्री दातांवर बसवायची असते. त्यामुळे दात एकमेकांवर घासत नाहीत आणि स्नायूंना विसावा मिळतो. पट्टी सगळ्या दातांवर बसणारी हवी आणि ती अधूनमधून तपासून घ्यावी. नको वाटली तर काढून ठेवता येते, हाच तिचा मोठा गुण. पण कायम टिकणारा बदल करणारे उपचार, म्हणजे चांगले दात घासणे, सगळ्या दातांवर टोप्या चढवणे, केवळ सांध्यासाठी तारा लावणे, सांधा उघडणे, हे घाईने स्वीकारू नयेत.

'तोंड उघडत नाही' हे वेगळे प्रकरण

आतापर्यंत सांगितले ते साध्या दुखण्याविषयी. आता जे सांगतो तिथे वाट पाहून चालत नाही. आधी एक सोपी कसोटी करा. आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. मोठ्या माणसाची तीन बोटे बहुधा मावतात. दोनच मावत असतील तर तपासणी हवी. कमी उघडण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि प्रत्येकाचा उपचार निराळा.

अक्कलदाढेचा पू. दाढेभोवती सूज, ताप, गिळताना त्रास, त्यात तोंड उघडेना. इथे दोष खरोखरच दाढेचा असतो, आणि पू उतरल्यावर ती काढणे योग्य ठरते. सूज गळ्याकडे उतरत असेल, श्वासाला त्रास होत असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

धनुर्वात. शेतात काही लागले, खिळा रुतला, आणि काही दिवसांनी दातखिळी बसू लागली, मान-पाठ आखडली, तर हे जबड्याचे दुखणे नव्हेच. तडक रुग्णालयात. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असली तर ही वेळ येत नाही.

जबडा निखळणे. मोठी जांभई दिली आणि तोंड उघडे ते उघडेच राहिले. लाळ गळते, बोलता येत नाही. कोणाला ओढू-दाबू देऊ नये. हनुवटीखाली फडक्याचा आधार देऊन डॉक्टरांकडे न्यावे. तासाभरात नेले तर तो सहज बसतो. दिवस गेले तर कठीण होते.

मुलांचा मार. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. झाडावरून, बैलगाडीवरून, पायरीवरून मूल हनुवटीवर आपटते. हनुवटीला टाका पडतो, जखम भरते आणि घर विसरून जाते. पण मार आत कानाजवळच्या सांध्यापर्यंत पोहोचलेला असू शकतो. मोडलेले हाड न कळता खोबणीला चिकटून बसले तर सांधा गोठतो. मुलाचे तोंड वर्षागणिक कमी उघडते, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, जेवण-बोलणे-झोप सगळ्याला त्रास होतो. कानात पू होऊन तो सांध्यात उतरल्यानेही असे होऊ शकते. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या जबड्याचा एक्स-रे काढावा, आणि पुढचे काही महिने त्याची तोंड उघडण्याची कसोटी घेत राहावे. सांधा गोठला तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही, आणि तिच्यानंतर तोंडाचे व्यायाम महिनोन्‌महिने नेटाने करून घेणे आई-बापांच्या हाती.

सुपारी आणि खर्रा. आपल्या विदर्भात तोंड न उघडण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि पुष्कळ जण याला 'जबड्याचा सांधा धरला' असे समजतात. सांधा ठीक असतो. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ, दोरीसारखी झालेली असते. आधी तिखट झोंबू लागते, मग तोंड आवळत जाते, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी या रोगाचे वर्णन केले. १९५६ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर यांनी यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो हे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत घातले आहे. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांवर २०१२ पासून बंदी आहे. पण टपरीवर घोटून मिळणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुनाच. तोडणीच्या फडात भूक मारायला, शीण घालवायला तो चघळला जातो हे आम्हांला ठाऊक आहे. पण एकदा ताठ झालेली कातडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. खर्रा बंद केला, व्यायाम केले, औषधाची इंजेक्शने घेतली तर रोग थोपवता येतो, थोडे तोंड उघडते; फार वाढला तर शस्त्रक्रिया. तरुण पोरांच्या आई-बापांनी तीन बोटांची कसोटी आजच घ्यावी. तोंडातला व्रण किंवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर आणखी वाट पाहू नये.

आणखी दोन खुणा. चालताना किंवा ओझे उचलताना जबडा दुखतो, छाती भरून येते, घाम फुटतो, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. आणि पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणे, कानशिलाची शीर दुखणे आणि नजर अंधुक होणे हे एकत्र आले तर डोळ्यांना धोका असतो. दोन्ही वेळा दंतवैद्य न शोधता आधी रुग्णालय गाठावे.

जावे कोणाकडे

पहिली तपासणी जवळच. मोताळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, तेथून गरजेप्रमाणे बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. खाजगी दंतचिकित्सकाकडे गेलात तर त्यांची पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहावी. विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. बाजारात खुर्ची मांडून दाढा काढणाऱ्याच्या हाती जबडा देऊ नये.

प्रकरण अवघड असेल तर दंत महाविद्यालय गाठावे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे. मलकापूरहून रेल्वेने थेट जाता येते. छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिकडे बुलढाण्यावरून रस्त्याने जाता येते. तिथला फायदा हा की तोंडाच्या रोगांचे निदान करणारे, कवळी-पट्टी बनवणारे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारे असे निरनिराळे तज्ज्ञ एकाच छताखाली असतात. शस्त्रक्रिया ठरलीच तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. शिधापत्रिका, आधारकार्ड आणि जुने कागद बरोबर न्यावेत.

डॉक्टरांपुढे बसल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. दुखणे स्नायूंचे, सांध्याचे, दाताचे की कातडीचे? या उपचाराने काही कायमचे बदलणार आहे का? आधी सौम्य उपचार करून किती आठवडे पाहता येईल? उपचार केला नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. दाढ काढायची, दात घासायचे किंवा सांधा उघडायचा सल्ला मिळाला आणि तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. विहीर खोदण्याआधी आपण दोन ठिकाणी पाणी पाहतो. इथे तर आपला जबडा आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की स्वतःच्या दुखण्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. म्हणून तोडणीची चिट्ठी येण्याआधीच घरातल्या प्रत्येकाची, लहान मुलांची त्यांच्याच बोटांनी, तीन बोटांची कसोटी एकदा घ्या. ज्याचे तोंड कमी उघडते त्याला आधी दाखवून आणा.